बोटं हलत्यात, मग मोडलं कुठं?

लालासाहेबांचं वैद्यकीय शिक्षण बँडमध्ये झालं होतं. ही थट्टा नव्हे. लढाई सुरू झाली की पलटणीच्या बँडमधली माणसं वाद्यं खाली ठेवतात आणि जखमींना उचलायला स्ट्रेचर हातात घेतात, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. सतरा वर्षं लालासाहेबांनी मोठा ढोल वाजवला. मध्ये कधीतरी त्यांना सहा आठवडे स्ट्रेचर कसं धरायचं आणि पट्टी कशी बांधायची ते शिकवलं गेलं. पेन्शनीवर गावी आल्यावर ढोल मागं पडला आणि ते सहा आठवडे पुढं आले. दर वर्षी ते थोडे थोडे वाढतही गेले. मी त्यांना भेटलो तोवर त्यांची 'मेडिकलात' पाच वर्षं पुरी झाली होती.

गोष्ट मात्र मनुबाईची आहे. लालासाहेबांना वगळून ती सांगता येत नाही, एवढाच त्यांचा तिच्यावर हक्क.

बहात्तरच्या दुष्काळात रहिमतपूरच्या पलीकडच्या एका माळावर पाझर तलावाचं काम निघालं आणि तात्यांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, ओळखीनं मी तिथं कारकून लागलो. मी सांगलीचा. शेतकरी पाहिला होता तो हळदीच्या सौद्यात, तोही लांबून. माझ्याकडं हजेरी होती आणि अपघाताची नोंदवही होती. त्या वहीत तारीख, नाव, इजेचं स्वरूप आणि केलेला उपाय असे रकाने होते. माझ्या आधीच्या कारकुनानं इजेच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत 'किरकोळ' लिहिलं होतं. मला वाटलं, नशीबवान काम दिसतंय. नंतर समजलं की 'गंभीर' लिहिलं तर तीन प्रतींमध्ये अहवाल करून साताऱ्याला पाठवावा लागतो आणि कार्बन पेपर कधीच वेळेवर येत नाही. तीन प्रतींची अट घालून सरकारनं तालुक्यातली निम्मी दुखणी बरी केली होती. मीही मग त्या पुण्यकार्याला लागलो.

प्रथमोपचाराची पेटी लालासाहेबांकडं होती. लाकडी, वर लाल फुली, आत टिंक्चर, कापूस, पट्ट्या आणि एक कात्री. किल्ली त्यांच्या करदोट्याला. कुणाला लागलं की ते ठेक्यात पावलं टाकत येत, धोतर सावरत किल्ली काढत आणि निकाल देत. निकाल लागला की माणसानं कामाला लागायचं. हाडांच्या बाबतीत त्यांची एकच परीक्षा होती आणि तीत आजवर कुणी नापास झालेलं नव्हतं.

मनुबाई तिशीची. नवरा नाथाजी सैन्यात ड्रायव्हर, आसामच्या बाजूला कुठंतरी. महिन्याला एक पत्र यायचं, त्यात अर्ध्याहून अधिक जागा विचारपूस केलेल्या माणसांच्या नावांनी भरलेली. घरी सासू चंद्राबाई आणि दीड एकर ऊस, म्हणजे दुष्काळाआधी ऊस. विहिरीला तळ दिसायला लागल्यावर मनुबाई कामावर आली आणि दगड वाहणाऱ्या टोळीत लागली. बोलण्यात फार कंजूष बाई. हजेरीला सगळ्या बायका हजर म्हणायच्या, ही नुसती मान वर करायची.

डिसेंबरातल्या एका सकाळी बांधाच्या उतारावर दगडाचे थर बसवणं चाललं होतं. वरच्या थरातला एक डबर सुटला, दोन उड्या मारून खाली आला आणि मनुबाईच्या डाव्या पावलावर पडला. ती ओरडली नाही. आधी तिनं डोक्यावरची पाटी खाली ठेवली, मग दगड बाजूला सारला आणि मग ती बसली. हा क्रम मी स्वतः पाहिला. पुढं कितीतरी जणांनी तोच पुरावा म्हणून वापरला. खरंच लागलं असतं तर वराडली नसती व्हय, असं म्हणायचे. म्हणजे आपल्याकडं बाईनं सोसलं तर लागलं नाही आणि ओरडली तर नाटक. पायाला कुठूनच दाद नाही.

लालासाहेब आले. उकिडवे बसले. पावलाकडं साधारण दोन हातांवरून पाहिलं आणि म्हणाले, "बोटं हलीव."

मनुबाईनं दात आवळून बोटं हलवली. पाचही हलली.

"बोटं हलत्यात, मग मोडलं कुठं? मुकामार हाय."

कातडं कुठंच फाटलं नव्हतं, त्यामुळं टिंक्चरला तिथं काही काम नव्हतं. पण पेटी उघडली की टिंक्चर लावायचं असा शिरस्ता होता, तो पाळला गेला. मग त्यांनी तिला उभं राहायला सांगितलं. ती टाचेवर उभी राहिली, चवडा उचलून धरला आणि चार-दोन पावलं टाचेवरच टाकली. चालतीया की, असं म्हणून लालासाहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी वही उघडली आणि 'किरकोळ' लिहिलं. अक्षर त्या दिवशी छान आलं होतं.

संध्याकाळी घरी काय झालं ते मनुबाईनं मला नंतर सांगितलं. सासूनं बिराप्पा मेंढपाळाला बोलावलं. मेंढ्यांचे पाय बसवण्यात त्याचा हातखंडा होता. मेंढी तक्रार करत नाही, हा त्याच्या कीर्तीचा मोठा भाग होता. त्यानं तेल कोमट करून पाऊल खसाखसा चोळलं, मग अंगठा धरून हिसका दिला. आत 'कट्' झालं आणि शीर जागेवर बसल्याचं त्यानं जाहीर केलं. मनुबाईच्या डोळ्यांपुढं अंधारी आली. ही म्हणे कळ बाहेर पडल्याची खूण. तो गेल्यावर चंद्राबाईनं आंबेहळद आणि रक्तबोळाचा लेप घातला आणि घालता घालता, आपल्या वक्ताला बाळंतपणाच्या तिसऱ्या दिवशी आपण कसं भांगलायला गेलो होतो, ते सुनेला ऐकवलं.

असे एका पावलाचे एका दिवसात चार निकाल लागले. लालासाहेबांचा मुकामार, बिराप्पाची शीर, चंद्राबाईचा आळस आणि माझं किरकोळ. पाऊल जिचं होतं तिला मात्र कुणी काही विचारलं नाही. तेवढा वेळ होता कुणाला?

मनुबाई दुसऱ्या दिवशीही कामावर आली आणि पुढचे चार दिवस येत राहिली. टाचेवर चालायची. मधल्या सुट्टीत पाय दगडावर ठेवून बसायची. सूज पहिल्यांदा वर होती, मग सगळ्या पावलाभर झाली. वहाणेचा पट्टा बसेना म्हणून तिनं पायाला फडकं गुंडाळलं. लालासाहेब जाता-येता तिच्याकडं बोट दाखवून बाकीच्यांना सांगायचे, बघा, जिगर अशी असावी.

पाचव्या दिवशी दुपारी जेवणाला सुकडी वाटून झाली होती. मी बाभळीखाली वही मिटून बसलो होतो. मनुबाई आली, समोर बसली आणि म्हणाली, "रावसाब, एक इचारू का?"

मी कुणाचाच रावसाहेब नव्हतो, पण कुणी म्हटलं तर नाकारावं इतकाही प्रामाणिक नव्हतो. विचार, म्हणालो. तिनं फडकं सोडलं आणि पाऊल उलटं करून दाखवलं. तळव्याच्या मधोमध, जो भाग जमिनीला टेकतसुद्धा नाही तिथं, पिकल्या जांभळाच्या रंगाचा एक डाग पसरला होता.

"दगड वरनं पडला," ती म्हणाली. "मग ह्यो डाग खाली कशानं आला?"

मी पदवीधर माणूस. अशा वेळी पदवीधर जे करतात ते मी केलं, वरिष्ठांना हाक मारली. लालासाहेब आले, डाग बघितला आणि जराही न अडखळता म्हणाले की रगत पाण्यावानी असतंय, उतार बघून खाली येतंय, त्यात काय नवल.

मनुबाईनं ते ऐकून घेतलं. आम्ही सगळे तेव्हा तलावाचा बांध घालत होतो. पाणी कुठून कसं मुरतं यावर त्या माळावर पोरंटोरंही बोलत होती. ती शांतपणे म्हणाली, "पान्याला खाली याया वाट लागती, भावजी. आत कायतरी फुटल्याबिगर वाट कशी झाली?"

लालासाहेबांना आजवर कुणी दुसरा प्रश्न विचारला नव्हता. पहिल्या उत्तरावरच त्यांची पाच वर्षं निभली होती. आर्मीत असलं लय बघितलंय, म्हणाले आणि पेटी उचलून निघून गेले.

मनुबाईची बहीण रंगूबाई माधवनगरला असायची, तिचा नवरा गिरणीत होता. शनिवारी आपण बहिणीकडं निघालोय आणि तिथून सांगलीला मोठ्या दवाखान्यात पाय दाखवणार, असं मनुबाईनं मला सांगितलं. विचारलं नाही, सांगितलं. शनिवारी मीही त्याच गाडीनं घरी जात असे. माझी थोरली बहीण क्षमाताई नुकतीच डॉक्टर होऊन सांगलीतल्या एका हॉस्पिटलात लागली होती. मी म्हणालो, चल, ओळख आहे, दाखवू. हे मी माणुसकीनं केलं असं पुढं बरीच वर्षं सांगत आलो. खरं कारण वेगळं होतं. वहीत लिहिलेलं 'किरकोळ' एखाद्या डॉक्टरकडून पक्कं करून घेतलं म्हणजे बरं, असा माझा हिशेब होता.

रविवारी सकाळी रंगूबाईनं तिला रिक्षातून हॉस्पिटलात आणलं. क्षमाताईनं पहिला प्रश्न मला केला. किती दिवस झाले? मी सहा सांगितलं.

"आणि सहा दिवस ही चालतेय?"

"टाचेवर चालते."

"मग त्याला चालणं का म्हणतोस?"

 

त्यानंतर ताईनं जे केलं त्यात नवलाचं असं काही नव्हतं, आणि हेच मला जास्त लागलं. तिनं मनुबाईचे दोन्ही पाय शेजारी शेजारी ठेवून नुसते पाहिले. उजव्या पावलावरच्या शिरा दिसत होत्या, डाव्यावर सुजेत बुडाल्या होत्या. आम्ही सहा दिवसांत कुणीही त्या बाईच्या उजव्या पायाकडं पाहिलं नव्हतं. मग ताई म्हणाली, कुठं दुखतं ते एकाच बोटानं दाखवा. मनुबाईनं बोट ठेवलं ते पावलाच्या वरच्या बाजूला, बोटांच्या मुळांपासून जरा मागं. ताईनं अंगठ्यापासून करंगळीपर्यंत एकेक लांब हाड आपल्या बोटानं दाबत नेलं. पहिल्याला काही नाही. दुसऱ्याला आणि तिसऱ्याला मनुबाईनं खाटेची कड धरली. मग ताईनं पावलाला हातही न लावता नुसतं पायाचं दुसरं बोट टोकाकडून टाचेच्या दिशेनं हलकेच ढकललं, तर कळ बरोबर त्याच जागी आली. बोटांना मुंग्या येतात का, गार पडतात का, रंग बदललाय का, हे बघितलं. चार पावलं सरळ, सगळं पाऊल टेकवून टाकता येतील का विचारलं. मनुबाईनं एक टाकलं आणि दुसऱ्याला थांबली. शेवटी ताईनं तळवा वर केला आणि डाग पाहिला. तिचा चेहरा बदलला. दगड वरून पडून तळव्यात रक्त उतरलं असेल तर बहुतेकदा आतलं हाड मोडलेलं किंवा हाडांना बांधून ठेवणारे पट्टे फाटलेले असतात, असं ती म्हणाली, आणि हा डाग कधी दिसला ते विचारलं.

मी सांगितलं की परवा, आणि तो हिनंच शोधून काढला. मग हळूच म्हणालो की पण बोटं हलतात.

ताईनं माझ्याकडं असं बघितलं की मला शाळेतली जुनी प्रगतिपुस्तकं आठवली. बोटं ओढणाऱ्या दोऱ्या पिंढरीतून येतात, ती म्हणाली, मधलं हाड मोडलं म्हणून त्या थोड्याच तुटतात. हाड मोडूनही माणूस बोटं हलवतो, कधीकधी चालतोसुद्धा.

मनुबाई ऐकत होती. ती म्हणाली, "म्हंजे गाडीचा आख मोडला तरी कासरा वढता येतोय, तसं."

"अगदी तसंच," ताई म्हणाली. पुढं कित्येक वर्षं ती आपल्या पेशंटांना हाच दाखला देत असे. कुणाचा आहे ते मात्र सांगत नसे. आमच्या घराण्यातला हा दोष असावा.

एक्स-रे काढला. दुसरं आणि तिसरं, दोन्ही लांब हाडं मोडली होती. नशिबानं सरकली नव्हती. बिराप्पानं हिसका अंगठ्याला दिला होता म्हणून वाचली, असं ताई म्हणाली, आणि यापुढं असलं काही झालं तर चोळायचं नाही, ओढायचं नाही, पाय उंच ठेवायचा, हलू न देता बांधायचा आणि फोटो काढायला आणायचं, हे तिनं मनुबाईला सांगितलं आणि मला लिहून दिलं. माझ्यावर तिचा तेवढाच विश्वास उरला होता.

गुडघ्याखाली प्लास्टर बसलं. सहा आठवडे पाय टेकायचा नाही. मनुबाई माधवनगरला बहिणीकडं राहिली. नाथाजीला पत्र गेलं, त्याचं उत्तर आलं. त्यात काळजी होती, आणि आपल्या गावात लालासाहेबांसारखा मेडिकलमधला माणूस असताना सांगलीपर्यंत जायची गरज काय पडली, असंही विचारलं होतं.

दर पंधरा दिवसांनी ती तपासायला जायची आणि आपला नंबर होऊन गेला तरी बाकावर बसून राहायची. शेजारी ज्यांचे पाय दुखावलेत त्यांना विचारायची, काय झालं, कसं पडला, कुठं दुखतंय, एका बोटानं दाखवा. मग ते फोटो काढून आले की काय निघालं ते विचारायची. क्षमाताई म्हणायची, तुझी ती बाई ओपीडी चालवते. सहा आठवड्यांत मनुबाईनं किती पाय पाहिले कोण जाणे. लालासाहेबांचंही शिक्षण सहाच आठवड्यांचं, पण त्यांच्या वाट्याला बहुधा नुसती स्ट्रेचरं आली असावीत.

फेब्रुवारीत ती काठी टेकत कामावर परतली. दगड उचलणं शक्य नव्हतं, म्हणून मिस्त्रीनं तिला कामावरच्या बायकांची लहान पोरं सांभाळायला छपरात बसवलं. आणि तिथं हळूहळू पाय यायला लागले. आधी बायकांचे, मग पुरुषांचे, लालासाहेबांची नजर चुकवून. मनुबाई काही लावत नसे, चोळत नसे, मंत्र नाही, तंत्र नाही. दोन्ही पाय पुढं घ्यायला लावायची, एका बोटानं जागा विचारायची, चार पावलं चालायला सांगायची आणि तळवा बघायची. लोकांना हे फार पसंत नव्हतं. उपचार म्हणजे काहीतरी लागलं पाहिजे, निदान झोंबलं तरी पाहिजे. पण तिचा पाय दीड महिना प्लास्टरात होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मार्चमध्ये सिद्धूचा पाय वळला. सिद्धू कामचुकार म्हणून त्या माळावर नावाजलेला. महिन्यात त्याची एक आजी हमखास वारायची. तो उतारावरून घसरला, पाऊल आत मुडपलं आणि तो लंगडत लंगडत चालू लागला. लालासाहेबांनी बोटं हलवून घेतली आणि नाटक ठरवलं. सगळे हसले. मीही हसलो. आमचं सगळ्यांचं एकमत व्हायची ती एकमेव वेळ. मनुबाईनं त्याला छपरात बोलावलं. घोट्यावर दाबलं तर तो म्हणाला, थोडं दुखतंय. मग तिनं पावलाची बाहेरची कड धरून करंगळीकडून मागं मागं बोट नेलं. मध्यावर जिथं हाडाचा एक उंचवटा लागतो, तिथं ती दाबते न दाबते तोच सिद्धूचं नाटक संपलं आणि डोळ्यांत खरं पाणी आलं.

"ह्येला पाठवा," ती मला म्हणाली.

मी कुरकुर केली. तो सिद्धू आहे, म्हणालो.

"पाय सिद्धूचा हाय म्हून हाड खोटं हुतंय व्हय, रावसाब?"

पाठवला. तो उंचवटाच मोडलेला निघाला. सिद्धूला आयुष्यात पहिल्यांदा खरी रजा मिळाली आणि ती त्याला अजिबात आवडली नाही.

यानंतर मनुबाईचं नाव झालं, आणि नाव झालं की दुसरं काय व्हायचं तेही झालं. एप्रिलात कामावरच्या भाऊसोचा पाय मुरगळला आणि भोपळ्याएवढा सुजला. त्याला चार पावलं टाकता येईनात. मनुबाईनं तपासून पाठवा म्हटलं. दोघांनी खांद्यावर घेऊन त्याला गाडीत बसवला, सांगलीला फोटो निघाला, आणि हाड शाबूत. नुसती लचक. भाऊसो दुसऱ्या दिवशी पट्टी बांधून परत आला.

लालासाहेब त्या दिवशी पेटीशिवाय फिरत होते, इतके हलके झाले होते. सगळ्यांदेखत छपरासमोर उभे राहून त्यांनी विचारलं की काय मनुबाय, चुकली न्हवं तुमची डॉक्टरी? लोक जमले. मलाही वाटलं, आता ही काय बोलणार.

मनुबाईनं मांडीवरचं पोर शेजारणीकडं दिलं. म्हणाली, "म्या मोडलंय म्हनलं न्हवतं, भावजी. दाखवून या म्हनलं हुतं. आतलं मला दिसत न्हाई. तुमाला दिसतंय, म्हून तुमी न्हाई म्हनता."

जमलेले लोक पांगले. लालासाहेबसुद्धा. मला त्या दिवशी कळलं की या बाईला हाड मोडलेलं ओळखता येतं असं आम्ही समजत होतो ते अर्धंच खरं होतं. आपल्याला काय ओळखता येत नाही, ते तिला नेमकं ठाऊक होतं. आमच्या खात्यात एवढं ज्ञान असलेला माणूस मी पाहिला नव्हता.

मे महिन्यात साताऱ्याहून मोठे साहेब तपासणीला आले. त्यांनी नोंदवही चाळली आणि अतिशय प्रसन्न झाले. इतक्या माणसांच्या कामावर हाड मोडण्याची एकही घटना नाही. सगळं किरकोळ. सिद्धूचंही मी सवयीनं किरकोळच लिहिलं होतं. साहेबांनी प्रथमोपचाराची पेटी कोणाकडं आहे ते विचारलं, लालासाहेबांना पुढं बोलावलं, पाठ थोपटली आणि प्रशस्तिपत्र पाठवतो म्हणाले. लालासाहेबांनी कडक सलाम ठोकला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मनुबाईनंही. काठी काखेत धरून वाजवल्या.

साहेबांची जीप गेल्यावर ती माझ्या टेबलाशी आली.

"रावसाब, माझा पाय लिवा."

म्हणजे काय ते मला कळलं होतं, तरी मी विचारलं.

"तुमच्या वहीत माझा पाय मोडल्यालाच न्हाई. मी दीड म्हयना पाय टांगून बसले ती काय हौस हुती? लिवा. सिद्धूचा बी लिवा."

मी तिला तीन प्रतींचं सांगितलं. तपासणी होऊन गेली, आता बदल केला तर साहेबांनाच खोटं पाडल्यासारखं होईल, हेही सांगितलं. मला मेमो मिळेल, हे सर्वांत शेवटी सांगितलं, जरी ते सर्वांत आधी सुचलं होतं. ती ऐकत उभी राहिली. डाव्या पायावर भार न देता. मग म्हणाली की बसून लिवा, सावकाश लिवा, मी थांबते.

आणि ती खरंच थांबली. मी 'किरकोळ' खोडलं आणि 'डाव्या पावलाची दोन हाडे मोडली' असं लिहिलं, शेजारी सही केली. सिद्धूचं लिहिलं. मग जुन्या पानांवरची आणखी तीन नावं तिनं सांगितली, अजून लंगडणाऱ्यांची. मी म्हणालो, त्यांचा फोटो कुठं काढलाय. ती म्हणाली, मग 'दाखवलं न्हाई' असं लिवा. तसं लिहिलं. अहवाल करायला कार्बन पेपर नव्हता, म्हणून तीनही प्रती हातानं काढल्या. शिक्षा म्हणून मला तेवढी पुरेशी वाटली होती, पण खात्याला वाटली नाही. पंधरा दिवसांत मेमो आला. नोंदींत विसंगती का, याचा खुलासा मागितला होता. खुलाशात मी खरं लिहिलं. त्यांनी मला पाटणकडच्या एका कामावर बदललं, जिथं पावसाळ्यात जळवा असतात. त्या मात्र खरोखरच किरकोळ निघाल्या.

अहवालाचा एक परिणाम झाला. कामावर कुणाला पावलाला लागलं आणि चार पावलं नीट टाकता आली नाहीत, तर त्याला खात्याच्या गाडीतून रहिमतपूरच्या दवाखान्यात पाठवायचं असा आदेश निघाला. आदेश आला तेव्हा कामं बंद व्हायला दोन आठवडे उरले होते. सरकारी कामात याला तत्परता म्हणतात.

लालासाहेबांचं प्रशस्तिपत्र आलंच नाही. पण ते खचले नाहीत. अठ्ठ्याहत्तर साली मी एका लग्नाला रहिमतपूरला गेलो होतो, तिथं मांडवात ते भेटले. जेवणाच्या पंगतीत कुणाच्यातरी पायावर पातेलं पडलं, तेव्हा लालासाहेब उठले, त्या माणसाचे दोन्ही पाय पुढं घेतले, एका बोटानं जागा विचारली, हाडं एकेक करून दाबली, तळवा पाहिला आणि दाखवून घ्या म्हणाले. मग माझ्याकडं वळून त्यांनी सांगितलं की आर्मीत आम्हाला हे असंच शिकवलेलं. सांगताना नजर चुकवली नाही. मी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी परतीच्या गाडीसाठी स्टेशनवर आलो तर बाहेर बैलगाडीशी मनुबाई उभी. केस थोडे पांढरे झालेले. गाडीत एक म्हातारी पाय उशीवर घेऊन बसली होती, आणि तिचा मुलगा, एवढ्याशा लचकेला सांगलीला कशाला न्यायचं म्हणून वाद घालत होता. मनुबाई त्याला काही समजावत नव्हती. नुसतं म्हातारीच्या पायाखाली दुसरं धोतर घडी करून सरकवत होती. नाथाजी रिटायर होऊन आलाय, विहिरीला पाणी आहे, थंडीत पाय अजून ठणकतो, एवढं तिनं मला सांगितलं. मी लालासाहेबांचं कालचं सांगितलं. त्यांनी तुझं सगळं उचललं आणि आर्मीच्या नावावर खपवलं, म्हणालो.

"खपवू द्या की," ती म्हणाली. "आता दाखवून या म्हनत्यात न्हवं?"

मग ती त्या मुलाकडं वळली आणि म्हातारीला उतरवायला दोघं जण बोलाव म्हणाली. सांगलीची गाडी यायला दहा मिनिटं होती.